तिसरा मजला, डावीकडचा फ्लॅट

घर भाड्याने घेणं हे त्रैराशिक सोडवण्याइतकं सोपं काम आहे, असं मास्तरांचं मत होतं. आणि हे मत त्यांनी दादांच्याच घरात, दादांच्याच आरामखुर्चीत बसून, दादांच्याच तोंडावर सांगितलं.

"दिलेलं काय आहे ते मांडायचं, काढायचं काय आहे ते मांडायचं, आणि शांतपणे एकेक पायरी चढत जायचं," मास्तर म्हणाले. "उत्तर कुठे पळून जात नाही."

दादा म्हणजे मास्तरीणबाईंचे थोरले भाऊ. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि खरी अडचण तीच होती. जगातलं कुठलंही काम दादा एका फोनवर करत. कुणाला दवाखान्यात खाट हवी, कुणाच्या गॅसची जोडणी अडली, कुणाचा दाखला हरवला, की दादा चष्मा कपाळावर चढवत, फोन कानाला लावत आणि "अरे, मी बोलतोय" एवढंच म्हणत. पलीकडच्या माणसाला ते पुरत असे. मास्तर निवृत्त झाले, शाळेनं दिलेली जागा सुटली, तेव्हाही दादांनीच "चार दिवस आमच्या वरच्या खोलीत राहा" म्हटलं. ते चार दिवस काही केल्या संपेनात. खोली हवेशीर होती, उजेड होता, पाणी होतं. फक्त नळ किती सोडायचा, पंखा कितीवर ठेवायचा आणि खिडकीचं कुठलं दार उघडायचं हे खालून ठरत असे.

तेही मास्तरांनी सोसलं. पण संध्याकाळी आजूबाजूची पोरं त्यांच्याकडे भूमिती आणि पाढे शिकायला यायची, ती दादांनी एक दिवस जिन्यावरूनच परत पाठवली. म्हणाले, "चपला फार वाजतात हो." पोरांना हाकलणं म्हणजे मास्तरांचा श्वास कोंडणं. त्या दिवशी ते जेवले, पण नुसतेच जेवले. आमटीत मीठ नव्हतं हेही त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून घर पाहायचं ठरलं तेव्हा अटी दोनच होत्या. पहिली मास्तरांची: बाहेरच्या खोलीत एक भिंत अशी हवी, की तिच्यावर फळा रंगवता येईल आणि समोर पोरं मांडी घालून बसतील. दुसरी मास्तरीणबाईंची, आणि ती त्यांनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितली.

"या खेपेला दादाचा एकही फोन नको. जे करायचं ते आपलं आपण. आणि नाही जमलं, तर मग मी मुकाट्यानं वरच्या खोलीत राहीन. पुन्हा घराचं नाव तुम्हीही काढायचं नाही नि मीही नाही."

दादांना हे कळल्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "जा की, जरूर जा. गादी गुंडाळत नाही मी. तशीच अंथरून ठेवतो."

ती अंथरलेली गादी पुढे कितीतरी दिवस मास्तरांच्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

घर मिळायला मात्र वेळ लागला नाही. इमारत इतकी नवी होती की जिन्यात रंगाचा वास डोळ्यांना झोंबत होता आणि कठड्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर पुठ्ठा ठोकलेला होता. "लायसन्स आलं की सुरू," असं वॉचमन सांगे, आणि सांगताना लिफ्टकडे असं पाही, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. फ्लॅटच्या दारांवर नंबर नव्हते. नंबरच्या पाट्या बनायला गेल्या होत्या.

"पाट्यांचं काय घेऊन बसलात काका," एजंट म्हणाला. हा एजंट फार झपाट्यानं बोले. त्याचं एक वाक्य आपण समजून घेईपर्यंत तो तिसऱ्यावर गेलेला असे. "तीनशे एक. तिसरा मजला, डावीकडचा. मजल्यावर दोनच दारं. चुकायचं कामच नाही. नवाकोरा, पहिला पाय तुमचाच."

"आतून बघू या की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"फरशीला पॉलिश चाललंय काकू. पाय उमटतील. हा नकाशा ठेवा."

मास्तरीणबाईंचा चेहरा पडला, मास्तरांचा उजळला. नकाशावर त्यांचा भिंतींपेक्षा जास्त विश्वास होता. भिंतीला रंग असतो, उजेड असतो, माणूस भुलतो. नकाशा कुणाला भुलवत नाही, असं ते पोरांना नेहमी सांगत. घरी येऊन त्यांनी आलेखाचा कागद पसरला, त्यावर फ्लॅट मोजून मापून उतरवला, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची पुठ्ठ्याची चकती कापली.

"हे निळं काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"फ्रीज."

"आणि हे हिरवं?"

"तू. म्हणजे, तुझी खुर्ची."

दोघं मिळून निळं इकडे, हिरवं तिकडे करत बसले. म्हातारपणी नवरा-बायकोला इतका शहाणा खेळ क्वचितच सापडतो. खेळाअखेरीस सगळी चकत्यांची मंडळी अशी बसली, की मध्ये वाया गेलेली जागा उरली नाही. भिंतीतल्या कोनाड्यात नेमकं बसेल असं पुस्तकांचं कपाट मास्तरांनी सुताराकडून करवून घेतलं. सुतारानं एकदा "घर बघून माप घेतो" म्हटलं होतं. मास्तरांनी त्याला आलेखाचा कागद दाखवला. सुतार गप्प बसला. लेखी पुराव्यापुढे माणसं गप्प बसतात.

आता खड्डाकाकांविषयी सांगायला हवं. नव्या इमारतीच्या समोर एक जुनी इमारत होती आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक गृहस्थ सदैव उभे असत. नव्या इमारतीचा पाया खणला गेला त्या दिवसापासून ते तिथे उभे होते. "पहिल्या खड्ड्यापासून बघतोय मी," हे त्यांच्या प्रत्येक सल्ल्याचं पहिलं वाक्य, म्हणून पोरं त्यांना खड्डाकाका म्हणत. इमारतीचं बांधकाम संपल्यावर त्यांच्या आयुष्यात पोकळी आली होती. मास्तर पहिल्यांदा गेटपाशी दिसले, आणि पोकळी भरली.

"मास्तर, पहिल्या खड्ड्यापासून बघतोय मी," ते गॅलरीतून ओरडले. "मोरीचा उतार तपासा. बादलीभर पाणी ओतून बघा."

सामान आणायच्या दिवशी घडलं ते असं. लिफ्टवर पुठ्ठा होताच, म्हणून सगळं जिन्यानं चढवायचं. सर्वांत पुढे मास्तर, हातात नकाशा. मागे कपाट डोक्यावर घेतलेले हमाल. त्यांच्यामागे मास्तरीणबाई, हातात देव नाहीत, भांडी नाहीत, फक्त चहाचं सामान, कारण कुठेही गेलं तरी आधी ते लागतं. तिसऱ्या मजल्यावर जिना संपला. मास्तर डावीकडे वळले. वॉचमननं आपल्या किल्लीनं कुलूप काढून दिलं. बिल्डरनं कुलपंच अशी घेतली होती की एकाच किल्लीनं मजल्यावरची दोन्ही दारं उघडावीत. त्याची किल्ल्या करायची कटकट वाचली होती.

मास्तर आत शिरले आणि थबकले. जिथे स्वयंपाकघर हवं तिथे झोपायची खोली होती. जिथे झोपायची खोली हवी तिथे ओटा होता. कपाटाचा कोनाडा होता, पण समोरच्या भिंतीत. फ्रीजच्या जागी खिडकी होती आणि खिडकीच्या जागी फ्रीज ठेवता आला असता, पण तिथे नळ होता.

"कुठे ठेवायचं?" कपाटाखालून आवाज आला.

"जरा थांबा."

"मान मोडतेय साहेब."

"विचार करतोय."

हमालांनी मास्तरांना विचार करायला मोकळं सोडलं, म्हणजे कपाट जिथे होतं तिथेच, दाराच्या चौकटीत टेकवलं. त्यामुळे मास्तर आत आणि मास्तरीणबाई, चहा आणि उरलेलं सामान बाहेर, अशी वाटणी झाली.

"अहो," बाहेरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "आपला समोरचा तर नाही ना?"

"समोरचा उजवीकडे आहे," मास्तर आतून म्हणाले. आणि ते खरंच होतं.

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. घाम पुसला. डोळ्यांसमोर दोन गोष्टी दिसत होत्या: एक भिंत आणि एक दादांनी अंथरून ठेवलेली गादी. आणि मग, वर्गात भूमितीतला कठीण रायडर सुटताना होई तसं, त्यांच्या मेंदूत काहीतरी टकटक झालं. ते उठले, नकाशा खिडकीच्या काचेवर उलटा दाबून धरला आणि उजेडात मागच्या बाजूनं पाहिला. स्वयंपाकघर तिथेच. झोपायची खोली तिथेच. कोनाडा, नळ, मोरी, सगळं जागच्या जागी, केसभर फरक नाही.

"सापडलं," मास्तर म्हणाले. "नकाशा उलटा छापलाय. हे प्रतिबिंब आहे."

इथे एक गोष्ट मास्तरांच्या बाजूनं सांगायला हवी. चुकीचं उत्तर ढिसाळपणे काढणारे पुष्कळ असतात. चुकीचं उत्तर इतक्या सुबकपणे, सिद्धतेसकट काढायला आयुष्यभर गणित शिकवावं लागतं. मास्तरांनी चौकटीतल्या फटीतून हमालांना आरशाचं उदाहरण देऊन प्रतिबिंब म्हणजे काय ते समजावलं. हमालांना ते पटलं. निदान त्यांनी माना हलवल्या, कारण मान हलती आहे का हे त्यांना तपासून पाहायचंच होतं.

पुढचे दिवस मास्तर विजयी वीरासारखे वावरले. सुतार येऊन कपाटाची दारं उजवीकडची डावीकडे करून गेला आणि जाताना "घर बघून माप घेतो म्हटलं होतं मी" असं हळूच भिंतीला सांगून गेला. मास्तरीणबाईंनी स्वयंपाकघर दोनदा लावलं. पहिल्यांदा सवयीनं, दुसऱ्यांदा प्रतिबिंबानं. मोरीत बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा ते जाळीकडे न जाता ऐटीत उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आलं. समोरच्या गॅलरीतून खड्डाकाकांनी समाधानानं मान डोलावली. अंदाज खरा ठरल्याचं सुख दुसऱ्याच्या ओल्या गादीपेक्षा मोठं असतं.

पण बाहेरच्या खोलीची मोठी भिंत मास्तरांनी स्वतः काळी रंगवली. रंग वाळला तशी जुन्या इमारतीतली पोरं एकेक करून डोकावू लागली. मास्तर कुणाला बोलवत नसत. ते फळ्यावर एक वर्तुळ काढत, त्यात एक त्रिकोण काढत, आणि "अरेच्चा, हा कोन किती असेल बरं" असं स्वतःशीच म्हणत. दारातलं एखादं पोर चिडून सांगे, "नव्वद." मग मास्तर म्हणत, "कशावरून?" आणि ते पोर चप्पल काढून आत येई. चपला वाजत, पुष्कळ वाजत, आणि मास्तरीणबाई आतून म्हणत, "वाजू देत."

असं सगळं सुरळीत चाललं असताना मास्तरांनी खाली जाऊन विजेचा मीटर पाहिला. मीटरवर मात्र नंबर होते, ठळक रंगवलेले. तीनशे एकचा मीटर हललेला नव्हता. वर दिवे, पंखे, फ्रीज चालू, आणि मीटर मात्र ढिम्म.

दुसरा कुणी असता तर त्यानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले असते आणि वर जाऊन पंखा वाढवला असता. मास्तर कपडे बदलून वीज कचेरीत गेले.

"तक्रार काय?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"माझा मीटर फिरत नाही."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. "जास्त फिरतो?"

"फिरतच नाही. मी वीज वापरतो आणि त्याची कुठे नोंदच होत नाही."

कारकुनानं शेजारच्या कारकुनाला बोलावलं. दोघांनी मास्तरांकडे, जुनं नाणं पाहावं तसं पाहिलं.

"आजोबा, अशी तक्रार कुणी करत नाही."

"मी करतोय ना."

"करा, पण कशात घालू? आमच्याकडे तीनच प्रकार. बिल जास्त, लाईट गेली, ठिणग्या उडतायत. तुमची लाईट गेली?"

"नाही."

"बिल जास्त?"

"बिल येणारच नाही, हीच तर तक्रार आहे."

"मग राहिल्या ठिणग्या," कारकून म्हणाला आणि त्यानं ठिणग्यांच्या रकान्यात खूण केली.

मास्तरांनी त्याला खोट्या नोंदीचे दुष्परिणाम शांतपणे समजावून सांगितले. मागची रांग अशांत झाली. मास्तर परत आले.

त्याच सुमारास दादांचा फोन आला. "रविवारी येतो घर बघायला. मजला कितवा?"

"तिसरा. डावीकडचा," मास्तर सहज म्हणाले.

फोन ठेवल्यावर मास्तरीणबाईंनी पडदे धुवायला काढले. "नावं ठेवायला एवढीशी जागा सापडता कामा नये," त्या म्हणाल्या. "सापडली, की मग तो चष्मा कपाळावर चढवील. एकदा चष्मा कपाळावर गेला की आपण गेलो वरच्या खोलीत."

"कुठे जात नाही आपण," मास्तर म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी दारात आधी आले ते वीज कचेरीचे लोक. ठिणग्यांची वर्दी असल्यामुळे ते शिडी आणि वाळूच्या बादल्या घेऊन, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, जिन्यानं धावत आले होते. ठिणग्या नाहीत हे कळल्यावर त्यांचा हिरमोड झाला. त्यांच्या मुकादमानं खालच्या माणसाला हाक मारली, "तीनशे एक बंद कर रे."

खालून आवाज आला, "केला."

वर पंखा गरगर फिरत होता.

"तीनशे दोन बंद कर."

पंखा मंदावला, डुगडुगला, थांबला.

मुकादम मास्तरांकडे पाहू लागला. मास्तरांचा चेहरा उलट खुलला. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "जे नकाशाचं झालं तेच तारांचं. सगळी इमारतच प्रतिबिंबात बांधली आहे. या, दाखवतो." आणि त्यांनी नकाशा काढून खिडकीच्या काचेवर उलटा धरला. मुकादमानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. त्याला कशानं काय होईल याचा भरवसा वाटेना.

याच क्षणी जिन्यासमोर असा आवाज झाला, जो त्या इमारतीत तोवर कुणी ऐकला नव्हता. लिफ्ट आली होती. सकाळीच लायसन्स मिळालं होतं आणि वॉचमननं पुठ्ठा काढून पहिली फेरी मारली होती.

लिफ्टमधून दोन माणसं उतरली. एक दादा, पांढरे स्वच्छ कपडे, हातात फळांची पिशवी. दुसरी एक तरुण डॉक्टरीणबाई, खांद्याला बॅग, हातात एक कुंडी. बाहेर येताच दादा त्यांच्या डावीकडे वळले आणि बंद दारावर थापा मारू लागले. डॉक्टरीणबाई त्यांच्या उजवीकडे वळल्या आणि मास्तरांच्या उघड्या दारातून सरळ आत आल्या.

"कोण हवंय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. कुणालाही न दचकवता बोलायची त्यांना सवय होती. "मी इथे राहायला आलेय. तीनशे दोन. लिफ्टमधून उजवीकडचा."

पलीकडे दादा कुलूप ठोठावत होते. "चिमे, उघड गं. मी आलोय. आतून कसलं कुलूप लावता?"

"दादा, मी इकडे आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तू तिकडे कशी? मला डावीकडचं सांगितलंय."

मास्तरांच्या हातातला नकाशा काचेवरून हळूच खाली घसरला.

ते बाहेर आले. जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, लिफ्टकडे पाहिलं. मग लिफ्टच्या दारात जाऊन उभे राहिले आणि जिन्याकडे पाहिलं. मग पुन्हा जिन्याशी. वर्गात एखादं पोर फळ्यापाशी अडकलं, की मास्तर कुणाला मध्ये बोलू देत नसत. तसं आज सगळ्यांनी त्यांना सोडलं.

"दादा," ते शेवटी म्हणाले, "लिफ्टला पाठ लावून उभे राहा. मुकादम, तुम्ही जिन्याला पाठ लावा. आता दोघांनी डावा हात बाजूला करा."

दादा कुणाचं ऐकत नसत. पण मास्तरांच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनी फळांची पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात पसरला. दादांच्या हातानं बंद दार दाखवलं. मुकादमाच्या रबरी हातानं उघडं दार दाखवलं. डॉक्टरीणबाईंनीही कुंडी सावरत आपला डावा हात करून पाहिला, वॉचमननं केला, शिडी धरलेल्या माणसानं शिडी भिंतीला टेकवून केला. समोरच्या गॅलरीत खड्डाकाकांनी, त्यांना काही दिसत नव्हतं तरी, केला.

"बिल्डरनं नंबर लिफ्टमधून मोजले," मास्तर म्हणाले. "आणि आपण चढलो जिन्यानं. नकाशा बरोबर होता, फक्त समोरच्या फ्लॅटचा. मीटर बरोबर होता. चूक कशी झाली ते आता सगळ्यांना कळलं." एवढं बोलून ते थांबले. चूक कशी झाली हे आधी पाहायचं आणि कुणी केली हे नंतर, असा त्यांच्या वर्गाचा नियम होता. आज त्यांना नियमाचा दुसरा भाग कुणाला आठवू नये असं वाटत होतं.

दादांना आठवला. "म्हणजे मास्तर, तुम्ही इतके दिवस दुसऱ्याच्या घरात संसार केलात?"

मास्तरांनी आत पाहिलं. उघड्या दारातून काळी भिंत दिसत होती आणि तिच्यावर कालचं वर्तुळ, कालचा त्रिकोण.

"फळा आहे का तो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होता," मास्तर म्हणाले. "आता तुमचा झाला. मी पुसून, पांढरा करून देईन."

"राहू दे काका. एक काम करा ना, तुम्ही इथेच राहा. मी समोरचा घेते. माझा सगळा दिवस हॉस्पिटलात जातो, मला दोन्ही सारखेच."

मास्तरांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. दोनदा लावलेलं स्वयंपाकघर, धुतलेले पडदे, पोरांची वाट. "पण करार तीनशे एकचा झालाय," ते म्हणाले. "घरमालक वेगळे, नोंदणी वेगळी, पोलिसांकडचा कागद वेगळा, गॅस वेगळा."

आणि दादांचा चष्मा कपाळावर गेला.

"त्यात काय आहे," ते म्हणाले. फोन खिशातून बाहेर आला होता. "एक फोन. करार, नोंदणी, सगळं इकडचं तिकडे करून घेतो. बसल्या जागी. नाहीतर असं करा, या वीजवाल्यांचा टेम्पो खाली रिकामा उभाच आहे. सामान भरा आणि चला. गादी अंथरलेलीच आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे आणखी एक सिद्धता होती की नव्हती, ते कुणाला कधी कळलं नाही, कारण तेवढ्यात मास्तरीणबाईंनी पदर खोचला.

त्या आत गेल्या आणि चहाचं सामान घेऊन बाहेर आल्या. मधली जागा ओलांडून समोरच्या बंद दारापाशी गेल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "उघड." वॉचमननं तीच किल्ली लावली. त्यांनी चहाचं सामान आतल्या ओट्यावर ठेवलं आणि परत दारात आल्या.

"दादा, फोन खिशात ठेव," त्या म्हणाल्या, "आणि त्या फ्रीजला हात लाव."

"मी?"

"तूच. एका बाजूनं हे धरतील."

मास्तरीणबाई थोरल्या भावाशी या सुरात कधी बोलल्या नव्हत्या. दादांनी चष्मा डोळ्यांवर आणला, बहिणीला नीट पाहून घेतलं, आणि फोन ठेवला. ठिणग्यांवाल्यांना काही काम उरलं नव्हतं. त्यांनी बादल्यांतली वाळू एका कोपऱ्यात ओतली आणि रिकाम्या बादल्यांत भांडी भरली. डॉक्टरीणबाईंनी पडदे उतरवले. वॉचमननं गाद्या नेल्या. आणि घरमालक, पोलीस, गॅस, नोंदणी या सगळ्यांना कसलाही पत्ता न लागू देता एक अख्खा संसार डाव्या दारातून उजव्या दारात गेला, किंवा उजव्यातून डाव्यात. कुठून पाहता त्यावर आहे.

कपाट कोनाड्यात अगदी नेमकं बसलं, पण सुतारानं फिरवलेली त्याची दारं आता भिंतीकडे उघडत होती. मास्तर म्हणाले, सुताराला पुन्हा बोलवावं लागेल. मास्तरीणबाई म्हणाल्या, या खेपेला त्याला घर बघून माप घेऊ द्या. खड्डाकाकांना घराची ही बाजू गॅलरीतून दिसत नव्हती, म्हणून ते जिना उतरून, जिना चढून स्वतः आले, लिफ्ट असताना, आणि दारात उभं राहून म्हणाले, "पहिल्या खड्ड्यापासून बघतोय मी. इकडचा उतार चांगला आहे."

बाहेरच्या खोलीत मोठी पांढरी भिंत होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोळ्यांनीच तिची लांबी मोजली. संध्याकाळी आलेली दोन पोरं समोरच्या दारात जाऊन परत फिरली आणि या दारात आली, एकानं विचारलं, "फळा कुठे गेला?" मास्तर म्हणाले, "तो तिकडे आहे. हा आता तुम्ही रंगवायचा."

दादा जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. पांढऱ्या कपड्यांवर फ्रीजच्या मागची सगळी धूळ आली होती. एवढं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि हातात चहा असूनही तो प्यायची ताकद उरली नव्हती. कप खाली ठेवून ते म्हणाले, "चिमे, मग त्या वरच्या खोलीचं मी करू काय?"

"भाडेकरू ठेव," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण दारावर नंबर आधी लाव."